फ्लरी गावाची मराठी ऑडिओ-फेरी – प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

ठरलं एकदाचं. फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या फ्लरी गावाची मराठीत ऑडिओ-फेरी करायची. लक्झेंबर्गहून गाडीने दीडेक तास लागतो, आपल्याकडून कोणाचे आईवडील आले की सगळे त्यांना पॅरिस आणि ॲम्स्टरडॅम दाखवतात, इतक्या जवळ असून इकडे कोणी फिरकत नाही. जे जातात त्यांना पाट्या वाचता येत नाहीत, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी सगळं आहे, पण सत्तरीतल्या माणसाला चालता चालता कानात आपल्या भाषेत कोणी सांगितलं तर वेगळं पडतं.

गाव म्हणजे काय ते आधी इथे लिहून ठेवते, ग्रुपमधले नवीन लोक विचारत राहतात. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या व्हर्दूनच्या लढाईत आजूबाजूची नऊ गावं पूर्ण नष्ट झाली. फ्लरी, द्वोमों, व्हो, ओर्न, बेझोंव्हो, लुव्हमों, क्युमिएर, ओमों, बोमों. द्वोमों, व्हो आणि ओर्नमध्ये नंतर थोडीफार वस्ती झाली, बाकीची सहा कायमची रिकामी. पण सरकारने ती नकाशावरून पुसली नाहीत. १९१९ च्या कायद्याने त्यांना गावाचा दर्जा तसाच ठेवला, प्रीफेक्ट (जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी) तीन माणसांचं एक कमिशन नेमतो आणि त्याचा अध्यक्ष म्हणजे गावचा महापौर. लोकसंख्या शून्य आणि गावाला महापौर! युद्धात मरण पावलेल्या सैनिकाला फ्रान्समध्ये 'फ्रान्ससाठी मृत' असा दर्जा देतात, तोच या गावांनाही दिलाय.

टीम अशी: स्क्रिप्ट आणि एडिटिंग मी, पुरुषाचा आवाज नाशिकचा मित्र, बाईचा आवाज आमच्या काकू (ठाण्याला वर्षानुवर्षं गॅदरिंगची निवेदनं केलेल्या), चर्चबद्दल काही अडलं तर वसईची मैत्रीण. आणि साताऱ्याहून मामा, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर. मामांना मीच घेतलं, युद्धावर बोलायचं आणि युनिफॉर्म घातलेला एकही माणूस टीममध्ये नाही हे बरं दिसेना.

११ फेब्रुवारी

वाचन चालू. स्क्रिप्टसाठी कच्चा माल:

युद्धाआधी फ्लरीत ४२२ माणसं. शेतकरी, बेकरी, शाळा, चर्च, कपडे धुवायची सार्वजनिक जागा. २१ फेब्रुवारी १९१६ ला जर्मन तोफा सुरू झाल्या, लोकांना हाताला लागेल ते घेऊन बाहेर काढलं, भर थंडीत. परत येऊ असंच सगळ्यांना वाटत होतं. २३ जूनला जर्मन गावात शिरले. त्यानंतर ऑगस्टपर्यंत गाव १६ वेळा या हातातून त्या हातात गेलं असं सांगतात, पण 'गाव' म्हणायला तेव्हा भिंतीसुद्धा उरल्या नव्हत्या, विटांची पूड झालेल्या एका टेकाडावरून दोन देश भांडत होते. १८ ऑगस्टला फ्रेंचांनी ते कायमचं परत घेतलं. लढाई डिसेंबरपर्यंत चालली, दोन्ही बाजूंचे मिळून साधारण ३ लाख माणसं मेली, आणि रेषा जवळपास जिथे होती तिथेच आली.

गाव परत का नाही बांधलं हा प्रश्न प्रत्येक जण विचारणार, म्हणून त्याला वेगळा ट्रॅक. उत्तर असं की जमिनीत न फुटलेले गोळे, विषारी वायूचे गोळे, आणि माणसं. सरकारने हा सगळा पट्टा 'लाल क्षेत्र' म्हणून जाहीर केला, शेती बंद, घरं बंद, आणि वर जंगल लावून टाकलं. आज जे जंगल दिसतं ते मुद्दाम लावलेलं आहे.

२१ फेब्रुवारी

ग्रुपवर वाद. नाशिककर म्हणतो "आपले लोक इथे लढले असं टाक ना कुठेतरी, त्याशिवाय आपल्या माणसांना कनेक्ट नाही होणार." नाही टाकणार. भारतीय पायदळ फ्रान्समध्ये होतं, पण उत्तरेला, नव्ह शापेलच्या बाजूला, आणि १९१५ च्या शेवटी त्या डिव्हिजन मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) हलवल्या. व्हर्दूनची लढाई सुरू झाली तेव्हा त्या तिकडे टायग्रिसच्या चिखलात होत्या, तुर्कांनी कुत या गावाला घातलेल्या वेढ्यात अडकलेल्यांना सोडवायला. कुतच्या आत मराठा पलटणी होत्याच. म्हणजे १९१६ च्या त्याच वसंतात इकडे फ्लरी आणि तिकडे कुत, २९ एप्रिलला कुत पडलं. जोड हवीच असेल तर ही खरी आहे, आणि ती शेवटच्या ट्रॅकमध्ये येईल, खोटा सोल्जर उभा करायची गरज नाही.

मामांचा व्हॉइस नोट: "बरोबर बोललीस. आपला माणूस तिथं नव्हता म्हणून काय तिथला मेला नाही का?" झालं, वाद संपला. निदान त्या दिवसापुरता.

१० मार्च

प्रत्यक्ष जाऊन पॉइंट घेतले. वरून बारीक पाऊस.

फ्लरीत आता काय आहे हे फोटोत कळत नाही, चालावंच लागतं. जंगलात पायवाटा, आणि जमीन पूर्ण खड्ड्याखड्ड्यांची, एक फूटभरसुद्धा सपाट नाही, वर गवत आलंय त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काय सुंदर टेकड्या आहेत. मग कळतं की प्रत्येक खड्डा म्हणजे तोफगोळा. वाटेच्या कडेला छोटे खुणेचे खांब आहेत, इथे बेकरी होती, इथे शेतकऱ्याचं घर, इथे शाळा, इथे धुण्याची जागा. घर नाही, दार नाही, धंदा लिहिलाय फक्त. चर्च होतं तिथे छोटं चॅपल बांधलंय, 'युरोपची माता' म्हणून मारियेला वाहिलेलं.

या खांबांचे जीपीएस पॉइंट फोनवर घेतले, ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला ऑनलाइन नकाशा) बरेच आधीच होते, जे नव्हते ते टाकले. जंगलात नेटवर्क जवळपास नाहीच, म्हणून ऑडिओ आधी डाऊनलोड करून घ्यायला लागणार, हे पहिल्या ट्रॅकच्याही आधी स्क्रीनवर लिहायचं. आमचा क्यूआर कोड वगैरे तिथे कुठेही चिकटवायचा नाही. हे मी ग्रुपवर आधीच सांगून ठेवलं कारण कोणीतरी सुचवणार होतंच आणि सुचवलंच.

आणखी एक: वाट सोडून जायचं नाही. ही सूचना दोन वेळा येऊ दे, सुरुवातीला आणि मध्ये. २०१३ मध्ये याच गावात काम चालू असताना २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले, त्यातले काही ओळखपट्टीवरून ओळखताही आले. म्हणजे आपण ज्याला बघायला आलोय ते अजून पायाखाली आहे. फोटोसाठी खड्ड्यात उतरणाऱ्या लोकांना बघून फार राग येतो मला, पण स्क्रिप्टमध्ये रागावून चालत नाही.

१७ मार्च

वसईच्या मैत्रिणीशी तासभर बोलणं. मला कळत नव्हतं की गावच नाही तर धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या लोकांचं, काय होतं. ती म्हणाली देऊळ असो की चर्च, वस्ती गेली की इमारत एक वेळ राहते पण रविवार राहत नाही. नियमित मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) नाही, बाप्तिस्मा नाही, लग्न नाही, नवीन दफन नाही. बंद. तरी लोक वर्षातून एकदा जमतात, ज्यांचे आजे-पणजे त्या गावचे होते ते, आसपासच्या गावांतले, माजी सैनिकांच्या संघटनांचे झेंडे घेऊन येणारे म्हातारे. तिने लगेच गोव्यातल्या कुर्डीची आठवण काढली, साळावली धरणात गेलेलं गाव, उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात जुने गावकरी येतात, सोमेश्वराच्या देवळातही आणि चॅपलच्या फेस्ताला, म्हणजे सणालाही. माझ्या डोक्यात तोवर फ्लरी फार परकं होतं, तिच्या त्या एका वाक्याने सोपं झालं. हे उदाहरण ट्रॅक ३ मध्ये घेतेय, कोणालाही पटकन कळेल.

फरक एकच, कुर्डीला जाणारा माणूस स्वतःचं घर शोधतो. फ्लरीचं घर आठवणारं आता कोणी जिवंत नाही.

७ एप्रिल

काकूंचं पहिलं रेकॉर्डिंग. आवाज उत्तम, पण "धारातीर्थी पडले" आलं की आवाज आपोआप चढतो. पोवाडाच होतो त्याचा. मी म्हटलं काकू, बेकरीवाल्याबद्दल सांगतो तसं सांगा. त्या म्हणाल्या "अगं मग त्यांचा मान कसा राहील?" बराच वेळ यावर गेला. शेवटी अख्खा परिच्छेदच बदलला, विशेषणं काढली, नुसतं काय झालं ते ठेवलं: पाणी नव्हतं, खड्ड्यात साठलेलं पाणी प्यायचे, जखमींना उचलून न्यायला रात्रीची वाट बघायला लागायची. काकूंनी ते वाचलं आणि मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या "हं, आलं लक्षात." पुढचं सगळं एका दमात.

टेक्निकल: कॉलरला लावायचा माइक घरात चालतो, बाहेर वारा आला की फर्र फर्र. ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन जास्त केलं की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. बाहेरचे आवाज (पक्षी, पाचोळा) वेगळे रेकॉर्ड करून खाली लावू, बोलणं सगळं घरात, कपाटातल्या कपड्यांसमोर बसून.

२८ एप्रिल

अस्थिगृहाचा ट्रॅक लिहिला. फ्लरीपासून जवळच द्वोमोंचं अस्थिगृह आहे, ते सोडून फेरी पुरी होत नाही.

व्हर्दूनचे बिशप शार्ल जिनिस्ती, त्यांनी लढाई संपल्यावर रणांगणभर पडलेली हाडं बघितली. कोणाची, कळायला मार्ग नाही. त्यांनी ठरवलं की सगळ्यांना एका छताखाली ठेवायचं आणि त्यासाठी देशोदेशी फिरून पैसे गोळा केले. तोवर लाकडी शेडमध्ये हाडं. १९२० मध्ये पायाभरणी, १९३२ मध्ये उद्घाटन. १३७ मीटर लांब इमारत, मध्ये ४६ मीटरचा मनोरा, आणि आत सुमारे १ लाख ३० हजार अनोळखी सैनिकांचे अवशेष, फ्रेंच आणि जर्मन दोन्ही. वेगळे करता येणं शक्यच नव्हतं. रणांगणाच्या ज्या भागात हाडं मिळाली त्या भागाप्रमाणे कप्पे केलेत. इमारतीच्या मागच्या बाजूला जमिनीलगत छोट्या खिडक्या आहेत, वाकून बघितलं तर आत हाडांचे ढीग दिसतात. समोर १६ हजारांच्या वर थडगी, मुस्लिम सैनिकांची थडगी मक्केकडे तोंड करून वेगळी.

चॅपलच्या रंगीत काचा जॉर्ज देव्हालिएर या चित्रकाराच्या. त्याचा स्वतःचा १७ वर्षांचा मुलगा १९१५ मध्ये युद्धात गेलेला. हे माहीत असलं की काचांकडे बघणं बदलतं, म्हणून ते आधी सांगायचं आणि काच नंतर दाखवायची, या क्रमाने.

खिडक्यांबद्दल सांगायचं की नाही? सांगायचं, पण लहान मुलं सोबत असतील तर आधीच कळवायचं. मुलं बघतातच आणि मोठ्यांपेक्षा नीट बघतात, पण तो निर्णय आईवडिलांचा.

१९ मे

'शांतता' या ट्रॅकवर अडले. आठवडाभर अडलेय.

सोपी गोष्ट अशी: २२ सप्टेंबर १९८४ ला इथेच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ आणि जर्मनीचे चॅन्सलर कोल हातात हात घेऊन उभे राहिले, तो फोटो जगभर गेला. मितराँ स्वतः जून १९४० मध्ये व्हर्दूनजवळ जखमी झालेले, कोलचा मोठा भाऊ दुसऱ्या महायुद्धात गेलेला. छान. डोळ्यात पाणी. ट्रॅक संपला.

पण मध्ये काय झालं ते सोडून हे सांगणं खोटं आहे. अस्थिगृहाची पायाभरणी ज्या मार्शल पेतँच्या (व्हर्दूनच्या लढाईतला फ्रेंच सेनापती) हस्ते झाली तोच पुढे १९४० नंतर हिटलरशी हातमिळवणी करणाऱ्या सरकारचा प्रमुख. १९३६ च्या जुलैमध्ये सुमारे २० हजार माजी सैनिक रात्री द्वोमोंला जमले, फ्रेंच, जर्मन, इटालियन, आणि शांततेची शपथ घेतली. ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या तीच माणसं. त्याला चार वर्षं होत नाहीत तोच, १५ जून १९४० ला जर्मन सैन्य व्हर्दूनमध्ये आलं. १९१६ मध्ये दहा महिन्यांत जे घेता आलं नव्हतं ते झटक्यात घेतलं.

म्हणजे स्मारक बांधून, शपथ घेऊन युद्ध थांबत नाही. मग हे सगळं कशासाठी? मामांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आम्ही पण शपथ घेतो गं, शपथ मोडणारे दुसरेच असतात, ज्यांनी घेतलेली नसते ते." हे मी स्क्रिप्टमध्ये घेतलेलं नाही पण इथे लिहून ठेवलं.

ट्रॅक आता असा: १९३२, १९३६, १९४०, १९८४, या क्रमाने, कोणतंही भाष्य न करता. आणि २०१६ ची शताब्दी, जर्मनीच्या चॅन्सलर मर्केल आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलाँद आले होते तेव्हा हजारो तरुण मुलं थडग्यांमधून पळत गेली असा कार्यक्रम बसवला होता, त्यावर फ्रान्समध्ये भरपूर टीका झाली. मला स्वतःला ते पळणं आवडलं होतं. काकूंना अजिबात नाही. दोघींची मतं ट्रॅकमध्ये ठेवलीत, ऐकणाऱ्याने ठरवावं.

३० जून

विशेष काही नाही. नकाशा ऑफलाइन चालतोय. दोन ट्रॅकचे आवाज कमी-जास्त होते ते समान केले.

८ सप्टेंबर

आज नऊपैकी एका गावाच्या वार्षिक मिस्सेला गेले. फ्लरी नाही, त्याहून लहान. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे आलेली माणसं मोजकीच होती आणि मी कोणाची परवानगी मागितली नव्हती. रेकॉर्डिंगही केलं नाही, फोन गाडीतच.

चॅपलमध्ये सगळे मावत नाहीत, अर्धे लोक बाहेर गवतात खुर्च्यांवर. सैनिकांच्या संघटनांचे झेंडे धरून म्हातारे उभे, एकाला उभं राहवत नव्हतं तर शेजारच्याने कोपर धरलं होतं, झेंडा मात्र खाली नाही. महापौर तिरंगी पट्टा लावून. ज्या गावात एकही मतदार नाही तिथला माणूस इतक्या गंभीरपणे पट्टा सरळ करत होता, आधी मला गंमत वाटली, मग तो माणूस कागद घेऊन उभा राहिला आणि त्याने त्या गावची युद्धात गेलेली नावं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावानंतर जमलेले सगळे म्हणतात, "फ्रान्ससाठी मृत." एक नाव, एक उत्तर. एकाच आडनावाचे दोघं-तिघं लागोपाठ येतात तेव्हा पुढच्या रांगेतलं कोणीतरी हलतं.

मग प्रार्थना. जर्मन मृतांसाठीही, वेगळ्या ओळीत. नंतर आज जिथे जिथे युद्ध चालू आहे तिथल्या लोकांसाठी, युक्रेनचं नाव घेतलं, गाझाचं घेतलं. शेवटी टेबलावर वाइन आणि केक. मला कोणीही विचारलं नाही की तू कोण, कुठली. एका आजींनी केकचा दुसरा तुकडा हातात ठेवला आणि विचारलं की तुमच्याकडेही अशी नावं वाचतात का.

मी हो म्हटलं. मग परतीच्या रस्त्यात तेच डोक्यात.

१५ सप्टेंबर

मामांना फोन. त्यांच्या गावात चावडीजवळ भिंतीत एक जुनी दगडी पाटी आहे, लहानपणी आम्ही तिच्यावर पाय देऊन वर चढायचो. तिच्यावर काय लिहिलंय ते फोटो काढून पाठवा म्हटलं. अशा पाट्या आपल्याकडे साताऱ्यात, कोकणात बऱ्याच गावांत आहेत. मजकूर साधारण सारखाच: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले.

आकडा आहे. नाव एकही नाही.

अपशिंगे मिलिटरी हे साताऱ्यातलं फौजींचं गाव तर सगळ्यांना माहीत असलेलं, ४६ जण पहिल्या महायुद्धातून परत आले नाहीत, ते ४६ सगळे सांगतात, पाठ असतं. ४६ जणांची नावं सांगणारा कोण भेटतो? मेसोपोटेमियात मेलेल्यांचं स्मारक इराकमध्ये बसऱ्याला आहे, ४० हजारांवर लोकांचं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत, पण साध्या भारतीय शिपायांचं काय, तर पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. अमुक मराठा, इतके. ही स्मारकं आणि थडगी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ च्या अहवालात हे स्वतःच मान्य केलंय की मृतांना समान वागणूक दिली गेली नाही.

फ्लरीत माणूस नाही, तरी नावं वाचायला एक सरकारी माणूस नेमलाय. आमच्या गावात माणसं आहेत, शाळा आहे, दूध डेअरी आहे, दर पिढीत कोणीतरी फौजेत आहे, आणि भिंतीवर एक आकडा. शेवटचा ट्रॅक हाच. बाकी सगळं त्याच्याकडे जाणारं आहे हे मला आज कळलं, सात महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारीत नाशिककर जे मागत होता त्याच्या आसपासच आले फिरून, पण खोटं न बोलता.

६ ऑक्टोबर

मामांची नात (बारावी, फोनवर बोटं माझ्या दुप्पट वेगाने चालतात) वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन डेटाबेसवर बसली. भारतीय शिपायांच्या नोंदीत कधी कधी 'अमुकचा मुलगा, अमुक गाव, सातारा' असं असतं. त्या जादा माहितीच्या रकान्यात गावाचं नाव टाकून शोधायचं. पण स्पेलिंग! आमच्या गावाचं नाव इंग्रज कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलंय, मधलं अक्षर गायब, शेवटी भलताच स्वर. तिने सुचतील तितकी रूपं करून एक यादी बनवली आणि एकेक टाकत गेली. काही नावं लागली. आडनावं जवळजवळ नाहीतच, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव, त्यामुळे कोणाच्या भावकीतला ते सांगायला गावातली म्हातारी माणसंच पाहिजेत.

मामा वही घेऊन दारोदार फिरतायत. गुडघेदुखी वगैरे सध्या बंद आहे.

एका घरात म्हणे आजीने सांगितलं की तिच्या सासूबाई एका खुंटीवरचा बिल्ला रोज पुसायच्या, कोणाचा ते माहीत नव्हतं. बिल्ला म्हणजे युद्धाचं पदक, त्या काळी त्याच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरत. भिंगातून वाचलं. यादीत होता.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. वसईची मैत्रीण घरून फोटो पाठवतेय, दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेली. इथे सगळ्या दुकानांबाहेर शेवंतीच्या कुंड्या, थडग्यावर न्यायला. आपण शेवंती हारात घालतो, इथे कोणाच्या घरी भेट म्हणून नेली तर यजमानाचं तोंड उतरतं, हे पर्यटकांसाठी टीप म्हणून ट्रॅक १ मध्ये घालायला काय हरकत आहे? (काकू: "हरकत आहे." बरं.)

शेवटचा ट्रॅक रेकॉर्ड झाला. मामांच्याच आवाजात. साताऱ्याहून फोनवर रेकॉर्ड करून पाठवला, मागे कुकरची शिट्टी आहे, कापता येत नाही कारण ती नेमकी एका नावावर आलीय. पुन्हा करा म्हटलं तर म्हणाले, "राहू दे, घरातलंच नाव आहे."

११ नोव्हेंबर

युद्धविरामाचा दिवस, इथे सुट्टी. पहिली आवृत्ती चढवली. ऐकून झालेल्या मंडळींच्या तक्रारी आल्यात त्या लिहून ठेवते: द्वोमोंचा ट्रॅक लांब आहे (हो, आहे, तसाच राहणार), चढावर चालताना मराठी फार भराभर वाटते (काकूंना सांगितलं), पार्किंग कुठे ते नीट सांगितलं नाही (हे बरोबर, करते), आणि एका काकांना वाटतं की शांततेचा ट्रॅक निराशावादी आहे, शेवटी काहीतरी आशादायक पाहिजे. त्यांना म्हटलं १९८४ पासून आजपर्यंत फ्रान्स आणि जर्मनीत युद्ध झालेलं नाही, तुम्ही लक्झेंबर्गहून आलात, वाटेत बॉर्डर लागली तिथे गाडी थांबवायला लागली का? म्हणाले नाही. मग? तर म्हणाले, हे सांगितलंच नाहीस ट्रॅकमध्ये. हेही बरोबर. दोन वाक्यं घालायची.

२४ नोव्हेंबर

मामांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, जुन्या पाटीच्या शेजारी नवीन पाटी लावायची, मिळालेल्या नावांची, आणि जी मिळाली नाहीत त्यांच्यासाठी खाली मोकळी जागा. जागा सोडायची कल्पना नातीची. सरपंच म्हणाले २६ जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी नावं वाचू, पाटीचं निधी आला की बघू.

मामांचं मला काम: वाचन कसं करतात तिकडे ते नीट लिहून पाठव, नावानंतर लोकांनी काय म्हणायचं ते ठरवायला मीटिंग आहे. शाळेचे हेडमास्तर म्हणतात "अमर रहे", मामांना ते निवडणुकीसारखं वाटतं. एकाने सुचवलं की नावानंतर फक्त "हजर" म्हणायचं, सकाळच्या हजेरीसारखं. मामा त्या बाजूने आहेत, हेडमास्तर नाहीत. पुढची मीटिंग रविवारी, त्याआधी मला व्हिडिओ कॉलवर घेणार आहेत, आणि माइक भाड्याने घ्यायचा की शाळेचा चालेल तेही त्यातच ठरेल.